अनुसयामाय आणि सात उशा

अनुसयाबाई हे नाव आधी लिहिते, मग काय घडलं ते. आमच्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालताना असंच करतात. ज्याच्या जागेत उभे आहोत त्याचं नाव आधी, मग आपलं बोलणं. पुलगावच्या मिलमध्ये पाळणाघर होतं, तिथे त्या आया होत्या, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. माझी मोठी मुलगी शुभा आज सातवीत आहे, दोन वेण्या घालते, माझ्याशी भांडते. ती भांडायला आहे हे अनुसयाबाईंमुळे.

माझी स्वतःची शाळा सातवीतच सुटली. शाळा खाडीपलीकडे होती, होडीने जावं लागे, आणि वडील गेल्यावर होडीत बसवून द्यायला कुणी उरलं नाही. त्यामुळे माझं लिहिणं पत्रापुरतंच. हेही पत्रासारखं वाचावं.

लग्न होऊन मी दाभोळच्या खाडीवरून पुलगावला आले तेव्हा अठरा वर्षांची होते. हे लष्कराच्या डेपोत कारकून. सकाळी साडेसहाला सायकलवर टांग मारायचे ते संध्याकाळीच उगवायचे. मिलच्या मागच्या अंगाला एका ओळीत आठ खोल्या होत्या. त्यातली सातवी आमची, आठवी अनुसयाबाईंची. पहिल्याच दिवशी मी नळाशी रिकामी बादली घेऊन उभी राहिले, तेव्हा मागून आवाज आला.

"कुठून आली वं बाई तू?"

"दाभोळकडून."

"ते कुठं येते?"

"समुद्राजवळ."

"एवढं पाणी सोडून इकडं काऊन आली? इथं नळ दिवसाआड येते."

आणि त्यांनी आपल्या घागरीतलं अर्धं पाणी माझ्या बादलीत ओतलं. मला तेव्हापासून त्या 'कोकणवाली' म्हणत. मीही पुढे त्यांना माय म्हणू लागले, पण तोंडातलं 'तुम्ही' काही सुटलं नाही. त्यावरून चिडवत. "मायले तुम्ही म्हणते. मी का सावत्र हावो?"

अनुसयामाय उंच, हडकुळ्या, लुगडं घोट्याच्या वर नेसलेलं. केसांत कायम कापसाचे तंतू अडकलेले असत, त्यामुळे त्यांचे केस खरोखर किती पिकलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. तपकिरीचं व्यसन होतं. पण ज्या घरात तान्हं मूल असेल त्या घरात शिरताना तपकिरीची डबी दाराच्या चौकटीवर ठेवायच्या आणि चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या. घर कुणाचंही असो, काम कितीही घाईचं असो. "चपलेनं माती येते, तपकिरीनं शिंक येते. दोन्ही बाहेर." दुसऱ्याच्या चौकटीवर डबी विसरून जायच्या आणि मग घरोघर शोधत हिंडायच्या. आमच्या ओळीत मुलं पुष्कळ, त्यामुळे ही शोधाशोध रोजची.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे कायम असे. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात एक चिंचोका ठेवलेला. तो कशासाठी हे मला बारशापर्यंत कळलं नाही.

शुभाच्या वेळी माझे पाय सुजले आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. म्हणजे माहेरी जाणं बंद. आईला दमा, तिला एवढा प्रवास जमणार नव्हता. मी तेव्हा रोज रडत असे, पण ह्यांच्यासमोर नाही. आणीबाणी चालू होती, त्या वर्षी उन्हाळा लागता लागता शुभा झाली. बारा दिवसांच्या आत गावाकडच्या एका गृहस्थांच्या हाती आईने पुरचुंडी पाठवली. आत बाळंतकाढ्याची औषधं, डिंक, आणि मोहरी भरलेली एक इवलीशी उशी. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची. ते लुगडं मी ओळखलं. त्याच्या पदराला तोंड पुसूनच मी शाळेत जात असे. चिठ्ठीत लिहिलं होतं, "बाळाचं डोकं गोल होईल. मी जवळ नाही, ही उशी जवळ ठेव."

ती उशी मी बाळाच्या डोक्याखाली ठेवली. मला वाटलं आईने मांडी दिली.

बारशाला आमच्याकडे झबलं, कुंची आणतात. पुलगाव कापसाचं गाव. इथे ज्याच्या त्याच्या घरी नवी रुई. बायकांनी उशा आणल्या. गोल, लांबट, फुलांच्या खोळीतल्या, झालरीच्या. समोरच्या लीलावहिनींची सर्वांत मोठी, गुबगुबीत, गुलाबी साटिनची. सहा ह्या आणि एक आईची मोहरीची, अशा सात उशा. दोन खुर्च्या आणि एक लोखंडी पलंग एवढ्याच सामानाच्या आमच्या खोलीला एकदम श्रीमंती आली.

अनुसयामाय शेवटी आल्या. डबी चौकटीवर, चपला बाहेर. त्यांनी धुऊन धुऊन मऊ झालेल्या पातळाची चार दुपटी आणली होती. पलंगाकडे पाहून म्हणाल्या, "एवढ्या उशा? पोट्टीले दुकान टाकून देता काय?"

बायका हसल्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडली, चिंचोका काढला आणि बाळ निजवलं होतं त्या जाड नव्या गादीवर वरून टाकला. चिंचोका गादीत रुतून बसला.

"बुडाला," त्या म्हणाल्या.

"काय बुडालं?" मी घाबरून विचारलं.

"चिंचोका. चिंचोका टाकला तं टुणकन उडाला पाह्यजे. जिथं चिंचोका बुडते तिथं लेकराचं नाकही बुडते."

लीलावहिनींना राग आला. गादी त्यांनीच भरून घ्यायला सांगितली होती. "अनुसये, हे तुयं पाळणाघर नाई. सुखाच्या घरचं लेकरू हाये, गादीवरच निजन."

"निजन न. म्या कुठं नाई म्हटलं," एवढंच बोलून अनुसयामाय पाळण्याची दोरी धरायला गेल्या. दुसऱ्याच्या समारंभात त्या कधी वाद वाढवत नसत.

मी त्यांचं ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. सात उशांमधली एक माझ्या आईची होती.

त्यानंतरचे दोन महिने मला नीट आठवत नाहीत, फक्त भीती आठवते. पलंग उंच होता, त्यावरून बाळ पडेल ही एक. बाळ श्वास घ्यायचं विसरेल ही दुसरी. पहिलीसाठी मी सहा उशांचा कोट केला. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पायाशी एक, डोक्यापलीकडे एक, आणि मधे मोहरीच्या उशीवर माझं बाळ. दुसरीसाठी तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत बसायचे. शंभरपर्यंत गेले की चुकायचे आणि पुन्हा एकपासून. हे म्हणत, "अगं, जरा पड." मी पडायचे आणि पडल्या पडल्या मोजायचे. घरात मोठं माणूस कुणी नाही, विचारायचं कुणाला. पत्राचं उत्तर यायला दहा दिवस लागत. तोवर मुलाचं दुखणं बदलून जातं.

ती दुपार ऐन उन्हाळ्याची होती. वीज गेलेली. गारवा व्हावा म्हणून मी जमिनीवर पाणी शिंपडलं, शुभाला पाजलं, कोटात ठेवली, दार नुसतं लोटलं, खिडकी उघडी टाकली आणि शेजारी बसून मोजू लागले. किती मोजलं कुणास ठाऊक. मिलचा तीनचा भोंगा झालेला मला ऐकू आला नाही, म्हणजे त्याच्या आधीच माझा डोळा लागला असणार.

जाग आली ती शुभाच्या रडण्याने. पण रडणं बाहेरून येत होतं. पलंग रिकामा. मी धावत ओसरीवर गेले तर अनुसयामाय तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होत्या, पाठीवर थोपटत होत्या.

"रडून राह्यली व्हती, म्हून बाहेर आणली," त्या म्हणाल्या. "तू निजली व्हती. निजू द्याव म्हटलं."

मी शुभाला घेतलं. ती घामाने भिजली होती, रडून लाल झाली होती, आणि मला पाहून गप्प झाली. आत आले तर शिंपडलेल्या ओल्या जमिनीवर, दारापासून थेट पलंगापर्यंत, चपलांचे काळ्या मातीचे ठसे. अनुसयामायच्या पायांत चपला तशाच होत्या. मला आश्चर्य वाटलं. थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांना नियम सांगतात आणि स्वतः माझ्या घरात चपला घालून येतात. पण मी बोलले नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

मग त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या आणि माझी खोली जणू त्यांचीच असल्यासारखी आवरू लागल्या. गादी गुंडाळून खाली काढली. जमीन पुसून सतरंजी घातली, त्यावर आपलं एक दुपटं ताणून चारही टोकं सतरंजीखाली खोचली. चिंचोका टाकला. तो उडून माझ्या पायाशी आला.

"आता ठेव तिले. उताणी. बाजूले काई नाई, डोक्याखाली काई नाई. जमिनीवरून कोण कुठं पडन?"

मी शुभाला ठेवलं. मोहरीची उशी हातात घट्ट धरून उभी राहिले. त्यांनी ती पाहिली. मला वाटलं, आता ही काढून घेणार, आणि मी देणार नाही.

"मायनं धाडली न?"

मी मान हलवली.

"मंग ती फेकाची नाई. इकडं बस." त्यांनी मला भिंतीला टेकून बसवलं, शुभाला उचलून माझ्या मांडीत दिलं, आणि मोहरीची उशी माझ्या डाव्या कोपराखाली सरकवली. दोन महिने पाजताना त्या हाताला कळ येत होती. ती कळ त्या क्षणी थांबली.

"लेकराले उशी नाई लागत. त्याले नाकाची वाट मोकळी लागते. उशी मायले लागते, तेही जागी असली तं. तुया मायनं उशी तुयासाठी धाडली, तुले समजलं नाई."

"पण डोकं गोल..."

"डोक्स्याचा का लाडू वळाचा हाये? निजवतानी एक दिवस मान इकडं कर, एक दिवस तिकडं. जागी असली का पोटावर पालथी टाक, तू समोर बस, पाहू दे तिले इकडंतिकडं. बसाले लागली का गोल होते आपोआप. नाई झालं तं केसं येतीन वर, कोण पाह्यते?"

मी हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले असेन.

पाजून झाल्यावर त्यांनी शुभाला सतरंजीवर ठेवलं आणि उरलेल्या साऱ्या उशा गोळा करून पलंगावर टाकल्या. "आता तू नीज. त्या साऱ्या तुया. मी बसतो."

"तुम्ही आत्ताच पाळी करून आलात."

"बसाचेच पैसे घेतो मी मिलमधी. नीज."

दार उघडं होतं. त्या भिंतीशी गुडघे उभे करून बसल्या, शुभाच्या नाकाशी बोटाची मागची बाजू धरायच्या, काढायच्या. मी सहा उशांत पडले आणि अंधार पडेपर्यंत झोपले. हे घरी आले तेव्हा अनुसयामाय ओठावर बोट ठेवून दाराशी उभ्या होत्या. ह्यांना वाटलं मला बरं नाही. "काई नाई झालं," त्या ह्यांना म्हणाल्या, "तुमची बायको निजली, एवढंच. दोन महिन्याची बाकी व्हती."

त्यानंतर आठवड्यातून तीन-चार दिवस तीनच्या भोंग्यानंतर त्या अशा येऊन बसत. सबंध उन्हाळाभर. मी काही द्यायला गेले तर घेत नसत. घेत ती एकच गोष्ट. त्यांचा मुलगा भुसावळला रेल्वेत होता, त्याची पत्रं मी वाचून दाखवायची आणि उत्तर लिहायचं. ते सांगताना त्या डोळे मिटून घेत. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असे. "अन् लिही, सुनेले म्हणा मीठ कमी खाय." सुनेला काही झालेलं नव्हतं. शेवट काय करायचा हे त्यांना सुचत नसे, म्हणून मीठ.

एकदा त्यांनी मला मिलचं पाळणाघर दाखवलं. पत्र्याची लांब खोली, भिंतीपलीकडे यंत्रांचा घरघराट. शेजारी कापसाच्या गासड्यांवर गासड्या, आणि ह्या खोलीत बोटभर कापूस नाही. भिंतीशी पाय करून ओळीने सतरा मुलं उताणी निजलेली, कडक ताणलेल्या चादरींवर. कुणाजवळ उशी नाही, बाहुली नाही, चिंधी नाही. एक नवी कामकरीण आपल्या मुलासाठी उशी घेऊन आली होती. अनुसयामायनी ती घेतली, कौतुकाने दाबून पाहिली आणि बाकावर ठेवून तिला म्हणाल्या, "छान हाये. दूध पाजाले येशीन तवा यावर बस. बाक टोचते."

मी विचारलं, "माय, हे तुम्हाला कुणी शिकवलं? डॉक्टरांनी?"

त्या मुलांकडे पाहतच बोलल्या. "आष्टीकडं माह्या नणंदेच्या घरी लग्न व्हतं. गर्दी. तिच्या जावेनं लेकरू आतल्या खोलीत निजवलं, पाव्हण्यांच्या उशा-गोधड्यांच्या ढिगात. मऊ जागा हाये म्हून. कोणाची चूक नाई, सारे म्हणत व्हते मस्त निजलं. लग्न लागलं, जेवणं झाली." मग म्हणाल्या, "लेकरू नाई उठलं." आणि लगेच उठून सहाव्या नंबरच्या मुलाची दुमडलेली चादर ताणायला गेल्या.

शुभा पाच महिन्यांची झाल्यावर मी माहेरी निघाले. ह्यांना रजा नव्हती. कल्याणला दीर उतरवून घेणार होते, पण तोवरचा सारा दिवस गाडीत मी आणि बाळ. मी आठ दिवस आधीपासून जेवत नव्हते. अनुसयामाय म्हणाल्या, "मलेही पोराकडं जाचं हाये. भुसावळपर्यंत येतो मी." पोराकडे जायचं होतं हे त्याच्या पत्रात कुठेच नव्हतं. पत्रं तर मीच वाचत होते.

सकाळची गाडी. डब्यात लोक फार चांगले होते, आणि अडचण तीच होती. समोरच्या एका बाईंनी रबराची हवेची उशी फुगवून पुढे केली. "ताई, बाळाला निजवा, हात दुखतील." त्यांच्या यजमानांनी बिछान्याचा गुंडा सोडून आणखी दोन उशा काढल्या आणि बाकावर कड लावून दिली, बाळ पडू नये म्हणून. हुबेहूब माझा कोट. मी अनुसयामायकडे पाहिलं.

त्यांनी हवेची उशी घेतली, माझ्या पाठीमागे खोचली आणि त्या बाईंना म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो, हिची कंबर लई दुखते." दुसरी उशी माझ्या कोपराखाली, मोहरीच्या उशीवर. तिसरी स्वतःच्या खाली. "अन् हे माह्या हाडांसाठी." त्या जोडप्याला इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला डब्यातले चिवडा-लाडू दिले. सगळ्या उशा वापरल्या गेल्या आणि शुभा मांडीवरच राहिली.

बडनेऱ्यानंतर गाडीच्या ठेक्यावर माझी मान लवू लागली. पाजता पाजता. त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"पेंग आली?"

"नाही."

"खोटं नको बोलू. पेंग आली का लेकरू दुसऱ्याच्या हाती. पाजतानी निजणं म्हंजे चुलीवर दूध ठेवून बजाराले जाणं." शुभा त्यांच्या मांडीत गेली आणि मी झोपले. अकोला कधी गेलं, मला माहीत नाही.

भुसावळला उतरताना मी त्यांचा पदर धरला. पुढे मी एकटी. मला पेंग आली तर?

त्या डब्यावरून नजर फिरवत म्हणाल्या, "चेहरे नको पाहू. हात पाह्य. ज्या बाईचे हात हालून राह्यले ती जागी हाये. शेंगा सोलन, वाती वळन, काई करन. तिच्यापाशी बसजो. पेंग आली का म्हणजो, बाई, वाती ठेवा, हिले घ्या."

भुसावळला चढलेल्या एक म्हाताऱ्या बाई खिडकीशी बसून खरंच वाती वळत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. चाळीसगावच्या पुढे मला पेंग आली. मी म्हणाले, "आजी, वाती ठेवा, हिला घ्या." त्यांनी काही न विचारता हात पुसून शुभाला घेतलं. अशी मी कल्याणला पोचले, दिवस मावळून थोडा वेळ झाला होता, आणि शुभा टक्क जागी होती.

घरी आईने पहिल्यांदा बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मागे किंचित चपटं होतं. "उशी वापरतेस ना गो?" तिने विचारलं.

"रोज वापरते," मी म्हणाले. ते खरं होतं. संध्याकाळी पाजायला बसले तेव्हा तिने हिरवी उशी माझ्या कोपराखाली पाहिली. मग आतून आणखी थोडी मोहरी आणली आणि शिवण उसवून ती उशी माझ्या हाताच्या मापाची करून दिली. डोक्याचं पुन्हा बोलली नाही.

पुलगावला आम्ही पुढे जवळजवळ सात वर्षं होतो. शुभाचं डोकं अनुसयामाय म्हणाल्या तसं गोल झालं. लीलावहिनींच्या सुनेला मुलगा झाला तेव्हा लीलावहिनींनीच सतरंजी घालून चिंचोका मागायला शुभाला पाठवलं. तोंडाने मात्र म्हणाल्या, "आजकाल डॉक्टरही असंच सांगून राह्यले." अनुसयामायनी हो म्हटलं. धाकटा विजय झाला तेव्हा मला श्वास मोजावे लागले नाहीत. मी निजत असे.

मग ह्यांची जबलपूरला बदली झाली. विजय आठ महिन्यांचा, शुभा सात वर्षांची. पुलगावच्या फलाटावर दुपारी अनुसयामाय आल्या होत्या, पेरू घेऊन. गाडी आली, पण पुढचा सिग्नल पडेना. विजय बाकावर ताणलेल्या चादरीवर निजला होता, मी त्याच्या बाजूला हात घालून बसले होते. अनुसयामाय जागा बघायला डब्यात चढल्या, आणि चढताना त्यांनी चपला डब्याच्या दाराशी काढल्या. डबी त्यांनी फलाटावर उभ्या असलेल्या ह्यांच्या हातात दिली.

मला हसू आलं. "माय, ही गाडी आहे. असू द्यात चपला. नाहीतरी माझ्या घरात एकदा चपला घालून आलाच होतात. ओल्या जमिनीवर. सात वर्षं झाली, मी विसरले नाही."

त्या हसल्या नाहीत. चिंचोका काढून विजयजवळ टाकत होत्या, तो हातातच राहिला.

"पाह्यलं व्हतं तू?"

"दारापासून पलंगापर्यंत ठसे होते ना."

त्यांनी शुभाकडे पाहिलं. ती खिडकीशी पेरू खात होती, बिया थुंकत होती. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "भोंगा झाल्यावर घरी येऊन राह्यली व्हती. तुया खिडकीतून सहज पाह्यलं. पोट्टी मोहरीच्या उशीवरून घरंगळली व्हती. तोंड लीलेच्या उशीत पुरं रुतलं व्हतं. पाय हालत नव्हते. चपला काढाले येळ कुठं व्हता?"

माझा हात शुभाच्या पाठीवर गेला.

"उचलली. पाठीवर हात मारला. एकदा, दोनदा. मंग रडली. एवढंच."

"मला का सांगितलं नाहीत?"

"त्या दिवशी सांगतलं असतं तं तू आजपर्यंत निजली नसती." विजयच्या नाकाशी बोट धरून त्या म्हणाल्या, "अन् तुया मायच्या उशीले बोल लागला असता. लीलेच्याही. तुया मायले नको लिहिजो."

गाडीने शिटी दिली. त्यांनी चिंचोका शुभाच्या मुठीत दिला आणि घाईने उतरल्या. चपला पायांत घालायला वेळ नव्हता म्हणून हातात घेऊन उतरल्या. मी पाहिलं ते शेवटचं असं. तापलेल्या फलाटावर अनवाणी उभ्या, एका हातात चपला, दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या नाकाशी आडवं धरलेलं, मला दाखवत. वाट मोकळी ठेव. ह्यांच्या हातात त्यांची तपकिरीची डबी राहून गेली. चिंचोका शुभाने नागपूरच्या आधीच हरवला. मी खूप रागावले, मग तिला जवळ घेतलं आणि सोडलंच नाही.

डबी माझ्यापाशी आहे. त्यांच्या मुलाचं पत्र मध्यंतरी आलं. माय आता भुसावळला त्याच्याकडे असते, मिलचं काम कधीच सुटलं. तिला रात्री झोप येत नाही, उठून उठून नातवंडांच्या नाकाशी बोट धरत बसते, सांगून ऐकत नाही. पत्राच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, मीठ कमी खा.

माय, शुभाची परीक्षा झाली, ह्यांना रजा मिळाली की एकदा मी भुसावळला येणार आहे. डबी द्यायला नव्हे. तुमची झोप माझ्याकडे आहे, एका सबंध उन्हाळ्याची. मी आले की तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजा. नातवंडांना मी पाहीन. मी तुमच्यासमोर शेंगा सोलत बसेन. मधेच जाग आली तर चेहरा नका पाहू, हात पाहा. हलत असतील.